'जाळण्यालाच नवीन नाव दिलंय' या प्रतिक्रियेला उत्तर

उत्तर द्यायला उशीर झाला, सॉरी. कचऱ्यापासून गॅस बनवण्यावरच्या (गॅसिफिकेशनवरच्या) माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप होते: गॅसिफिकेशन म्हणजे कचरा जाळणंच, त्यात जेवढी ऊर्जा मिळते त्यापेक्षा जास्त घालावी लागते, आणि डायॉक्सिनबद्दल (कचरा जाळताना तयार होणारं विषारी रसायन) मी मूग गिळून बसलोय. तिसरा आक्षेप लागला, कारण खरा आहे.

पहिल्यावर मात्र मी भांडणार. जाळताना हवा भरपूर देतात, सगळा कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन जातो आणि हातात फक्त उष्णता उरते. गॅसिफिकेशनमधे मुद्दाम हवा तोडतात, पूर्ण जळायला लागते त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच आत सोडतात, म्हणजे थोडा कचरा जळतो आणि त्याच्या आचेवर बाकीचा फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात, आणि हे दोन्ही पुढे पेटवता येतात, इंजिनात घालता येतात, त्यांच्यापासून मिथेनॉलही करता येतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाकडाच्या गॅसवर गाड्या पळवल्याच की! पण लाकूड म्हणजे लाकूड, त्यात पीव्हीसी (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) नसतं, बॅटरीचे सेल नसतात.

आणि इथेच तुमचा मुद्दा बसतो. गॅस बनवणं सोपंय हो, तो साफ करणं हाच खरा धंदा आहे. ८००-९०० डिग्रीला डांबर राहतं, ते थंड झालं की पाइपात आणि इंजिनाच्या व्हॉल्व्हवर चिकटून बसतं, म्हणून तापमान १२०० च्या वर न्यायचं. तिथे डायॉक्सिनही मोडतं. पण (हे मी लिहायला हवं होतं) गॅस सावकाश थंड केला तर साधारण ४०० ते २५० डिग्रीच्या पट्ट्यात राखेतल्या कार्बन आणि क्लोरीनपासून, तांब्याच्या मदतीने, ते परत तयार होतं, म्हणून गॅसवर पाणी मारून एका झटक्यात खाली आणावा लागतो. शिवाय हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, हायड्रोजन सल्फाइड, पाऱ्याची वाफ हे सगळं वेगळं धुवून काढायचं, आणि त्या धुतलेल्या पाण्याचं काय करायचं ते परत वेगळंच.

ऊर्जेचं म्हणाल तर ते कचरा किती ओला आहे त्यावर ठरतं. एक किलो कचऱ्यात अर्धं पाणी असेल तर त्याची वाफ करायलाच सव्वा मेगाज्यूल जातात, ती वाफ १००० डिग्रीला न्यायला आणखी जवळपास एक, आणि हे सगळं कचऱ्याच्याच ऊर्जेतून जातं. त्यात प्लाझ्मा टॉर्च (विजेच्या झोताने प्रचंड उष्णता देणारं यंत्र) असेल तर विजेचं बिल वेगळं. इंग्लंडमधे टीसाइडला प्लाझ्मावाले दोन मोठे प्लांट उभे केले, ते नीट चाललेच नाहीत आणि २०१६ मधे कंपनीने हात वर केले. हे उदाहरण तुम्ही दिलं नव्हतं, मीच देतोय.

जपानमधे मात्र वर्षानुवर्षं चालतंय, कामाइशीत १९७९ पासून सुरुवात झाली. पण तिथे बहुतेक ठिकाणी गॅस साफ करून विकत नाहीत, लगेच पुढच्या चेंबरमधे जाळून वाफ आणि वीज करतात. मग फायदा काय? राख वितळून काचेसारखी खडी होते, जड धातू बऱ्यापैकी त्यात अडकतात, ती बांधकामात वापरता येते आणि डम्पिंगची जागा वाचते. त्यांना मुख्यतः तेच हवं होतं, गॅस हा नंतरचा विचार.

म्हणजे 'जाळणंच आहे' हे तुमचं वाक्य या प्लांटांपुरतं निम्मंअधिक बरोबर निघालं (लिहिता लिहिता मलाच पटत गेलं बघा). लेखाच्या शीर्षकातला 'स्वच्छ' शब्द काढतोय आणि डायॉक्सिनचा पॅरा आज रात्री टाकतो. ओला कचरा या भट्टीत घालूच नये, तो बायोगॅसला द्यावा, हे तुम्ही म्हणालात त्यावर तर माझा वाद कधीच नव्हता, फक्त लेखात ते अकराव्या पॅऱ्यात होतं आणि तिथवर कुणी पोचलंच नाही बहुतेक.