पोटातल्या पोराचा बाप विचारणारे

सकाळी भावकीच्या ग्रुपवर एक रील आलं. पुरंदरावर, केदारेश्वराच्या पायऱ्यांवर उभा एक पोरगा, हातात माइक, डोळे मिचकावत विचारतोय, "सवाई माधवराव नक्की कुणाचे? नारायणरावांचे की नाना फडणवीसांचे?" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आमच्या ग्रुपवरही चार जण हसले. त्यात दोन बायका.

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. बघू जमतं का.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशवे नारायणरावांना कापलं. त्यांची बायको गंगाबाई पोटुशी होती. पुण्यात ना ती सुरक्षित, ना पोटातलं मूल, म्हणून नाना फडणवीस आणि इतर कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तेच सवाई माधवराव, आणि चाळीस दिवसांच्या त्या गोळ्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. खुनानंतर पेशवे झालेल्या काकांची, राघोबादादांची, पेशवाई गेली. मग सुरू झालं. म्हणे मूल नारायणरावांचं नाहीच. म्हणे गडावर आणखी गरोदर बायका आणून ठेवल्या होत्या, मुलगी झालीच तर बदलायला. म्हणे नानांचंच. आता बदललेलं असेल तर ते नानांचं कसं, आणि नानांचं असेल तर बदललं कशाला, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

माझे आजोबा गेले तेव्हा आजीला पाचवा महिना होता. वडील त्यानंतर जन्मले. तेराव्याचं जेवण उरकलं आणि चुलत आजोबा चावडीत सगळ्यांदेखत म्हणाले, "पोटातलं कुणाचं ते आधी ठरू द्या, मग वारस लावा." विहिरीखालची जमीन होती ना! जिराईत असती तर कुणी ब्रसुद्धा काढला नसता.

हो, पेशवे काही राजे नव्हते, माहीत आहे मला. मग राजाचं घ्या. इंग्लंडचा दुसरा जेम्स, धर्माने कॅथलिक, प्रजा प्रोटेस्टंट. १० जून १६८८ ला त्याच्या राणीला, मेरीला, मुलगा झाला. खोलीत दरबारी माणसांची ही गर्दी, तरी लंडनभर झालं की अंथरूण गरम करायच्या निखाऱ्यांच्या भांड्यात घालून कुणाचं तरी पोर आत आणलं! राजाने पुढे चाळीसेक साक्षीदार उभे केले. बाईच्या बाळंतपणाची साक्ष भर सभेत. उपयोग शून्य, डिसेंबरात राजा फ्रान्सला पळाला. आणि शंका घेणाऱ्यांत कोण? राणीची सावत्र मुलगी ॲन. भाऊ खरा ठरला तर हिचा नंबर मागे जाणार होता. पुढे १७०२ ला ती गादीवर बसलीच.

आमच्याकडे साक्षीला सुईण होती. चावडीच्या पायरीवर बसून म्हणाली, "दिवस माझ्या बोटांवर आहेत, मोजून दाखवू का?" सगळे गप्प झाले म्हणतात. मला नाही वाटत झाले असतील. कारण मी लहान असतानाही, लग्नाकार्यात पंगतीला बसलेल्या माझ्या वडिलांचे कान बायका निरखून बघायच्या. कान आजोबांचे आहेत की नाहीत! पन्नाशीच्या माणसाचे!

आणि हे रील कुणी टाकलं? त्याच चुलत आजोबांच्या नातवाने. त्याला यातलं काही माहीत नसेल, हे मान्य.

हेही मान्य की बारभाईंना, म्हणजे नाना आणि त्या कारभाऱ्यांच्या गटाला, मुलगा हवाच होता, मुलगी झाली असती तर त्यांचं सगळं मुसळ केरात गेलं असतं. पण संशय येणं वेगळं आणि बाईची अब्रू चघळणं वेगळं. शमशेर बहादूर बघा, बाजीराव-मस्तानीचा. त्याचा बाप कोण याची कुणी चर्चा केली? पेशव्यांच्या घरात वाढला, पानिपतात लढला, त्या जखमांनी १७६१ ला गेला. पेशवाईवर त्याचा हक्क लागणारच नव्हता, मग कशाला कोण विचारतंय.

इंग्रजांचं तर काय सांगावं. १७७५ ला सुरतेच्या तहात राघोबादादांनी मुंबईजवळची साष्टी आणि वसई देऊ केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांना तेच खरे पेशवे वाटत होते. १७८२ ला सालबाईचा तह झाला, साष्टी पदरात राहिली, आणि पुरंदरावरचं ते पोर एकदम कायदेशीर पेशवा झालं. राघोबादादांना पेन्शन.

ते बघायला गंगाबाई नव्हती. १७७७ मध्येच गेली, पोर तीन वर्षांचं असताना. तिच्या मरणावरही लोकांनी नानांचं नाव चिकटवलंच. नवऱ्याचा खून, पोटात पोर, गडावर चोवीस तास पहारा, आणि खाली सगळा मुलूख दिवस मोजतोय. तिला स्वतःला काय वाटलं, तर कुणी विचारलंच नाही हो. आजीलाही आम्ही कधी विचारलं नाही. ती एवढंच सांगायची की त्या वर्षी ती पाण्यालासुद्धा एकटी गेली नाही, सोबत कुणीतरी बाई घेऊनच जायची.

राहता राहिला "पुरावा काय?" वाला प्रश्न. येणारच आहे, इतिहासप्रेमींना मी ओळखते. पुरावा आरोप करणाऱ्याने द्यायचा असतो. नाना-गंगाबाईचे "किस्से" मात्र इथे नकोत. दिसले की काढून टाकीन, आणि ओळखीचे असाल तर फोनही करीन.