शून्याने भागाकार

माझ्या वहीत हिरव्या शाईची एक सरळ रेघ आहे. ती चष्म्याच्या घराच्या कडेने आखलेली आहे हे मला पक्के ठाऊक आहे, कारण ती आखली जात होती तेव्हा मी समोरच्याच बाकावर बसून सोलकढीची दुसरी वाटी संपवत होते. ज्या दोन शब्दांवर ती रेघ आहे, ते शब्द ‘काही नाही’ असे आहेत. गेली २६ वर्षे मी आठवी ते दहावीला गणित शिकवते आणि या काळात मुलांच्या वह्यांवर मी किती रेघा मारल्या असतील याची मोजदाद नाही. परंतु माझ्या स्वतःच्या वहीवर कोणी रेघ मारण्याची ही पहिलीच वेळ, आणि घरी परतून चार दिवस झाले तरी ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघेच चार रात्रींसाठी गुहागरला गेलो होतो. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे गुहागर, असा साधा सरळ प्रवास. घर अस्सल तिथले होते : पुढे रस्ता, मागे माडा-पोफळींची लांबट वाडी, वाडीच्या टोकाला बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, आणि बेडे ओलांडले की सुरूचे बन आणि थेट वाळू. पडवीत एक रुंद फळीचा झोपाळा होता. शाळेत दर ३५ मिनिटांनी घंटा होते आणि त्या घंटेबरोबर माझ्या अंगातले काहीतरी आपोआप उठून उभे राहते. त्यामुळे जिथे घंटा नाही, अशा ठिकाणी झोपाळ्यावर पडून, समुद्राचा आवाज नुसता ऐकत राहायचे, एवढाच आमचा संकल्प होता. दुसरे एक काम होते, पण तेही बसल्या बसल्या करण्यासारखे. पुढच्या तीन वर्षांच्या सुट्यांत कोकण किनारा खाडी-खाडीने खाली उतरत जायचा, असा बेत मी वहीत मांडत होते. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. प्रत्येक खाडीवर गाडी फेरीबोटीत चढवायची, आणि प्रत्येक दोन मुक्कामांमागे एक पूर्ण दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. त्या दिवसासमोर मी लिहिले होते : ‘काही नाही’.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त लेखापरीक्षक सपत्नीक उतरले होते. कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते मी सांगणार नाही, पण ते पूर्णपणे निवृत्त झालेले नाहीत एवढे सांगते. खिशाला हिरव्या शाईचे पेन, हातात कडक पुठ्ठ्याला लावलेली छापील यादी, आणि चेहऱ्यावर समोरच्याने काहीतरी दडवले आहे अशी कायमची खात्री. सप्तमीच्या सकाळी आंबोळीचा पहिला घास तोंडात घालतो न घालतो तोच त्यांनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

“मग साहेब, काल काय काय केलंत?”

“काल आम्ही आलो,” नवरा म्हणाला.

“किती वाजता?”

“अकराला.”

“आणि मग?”

“जेवलो.”

“आणि मग?”

नवरा विम्याच्या धंद्यात आहे. लेखी विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही हे त्याच्या रक्तात भिनलेले असल्यामुळे त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, “संध्याकाळी समुद्रावर गेलो होतो.”

“समुद्र धरता येणार नाही, वहिनी,” ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले. “तो मागेच आहे. दोनशे पावलं. तो खोलीच्या भाड्यात आला. मी स्थळांविषयी विचारतोय.”

मग त्यांनी स्वतःचा पुठ्ठा आमच्यापुढे धरला. व्याडेश्वर, दुर्गादेवी, अंजनवेलचा गोपाळगड, टाळकेश्वरचे दीपगृह, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुजा गणेश, बामणघळ. पहिल्या चारांपुढे हिरवी खूण, खुणेपुढे ‘पाहिले’ असा शेरा, शेऱ्याखाली दिनांक आणि वेळ. गोपाळगडाला त्यांनी २० मिनिटे दिली होती. शेवटच्या रकान्यात ‘अभिप्राय’ असे लिहिले होते आणि दीपगृहापुढे त्यांचा अभिप्राय ‘उंच’ असा होता.

“आता हिशेब बघा,” ते नवऱ्याला म्हणाले. “खोली, जेवण, पेट्रोल, सगळा मिळून खर्च घ्यायचा आणि त्याला पाहिलेल्या स्थळांच्या संख्येने भागायचं. आमचा दर सध्या स्थळी अकराशे आहे, परवापर्यंत तो साडेसहाशेवर आणतो. तुमचा किती येतो?”

“आमची स्थळं शून्य आहेत,” नवरा प्रामाणिकपणे म्हणाला.

“म्हणजे दर अनंत!”

इथे मी गप्प बसायला हवे होते, हे मला आज कळते. पण जे वाक्य दरवर्षी जूनपासून मार्चपर्यंत मी फळ्यावर खोडत असते, ते नाश्त्याच्या वेळी कानांवर पडले आणि मला राहवले नाही. मी म्हणाले, “शून्याने भागल्यावर अनंत येत नाही. शून्याने भागताच येत नाही. तो भागाकार व्याख्येतच बसत नाही.”

“मी तेच म्हणतोय, वहिनी,” ते समाधानाने म्हणाले. “व्याख्येत बसत नाही. सहल म्हणून हा खर्च मंजूर होणार नाही.”

त्यांच्या पत्नी या सगळ्या काळात नारळाची चटणी बोटाने निरखत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. अशी मान वर न करण्याची सवय व्हायला किती सहली लागल्या असतील, याचा मी उगीच अंदाज बांधू लागले.

पुढे वेळासचा विषय निघाला. मंडणगड तालुक्यातल्या या गावी २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने ग्रामस्थांच्या साथीने समुद्री कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येऊन वाळूत अंडी घालतात, ती कुंपणाच्या आत सुरक्षित हलवतात, आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येऊन समुद्राकडे निघतात. मला हे सगळे अद्भुत वाटते. लेखापरीक्षक साहेबांना त्यात अनियमितता दिसली होती. ते दोन वर्षांपूर्वी तिथे सकाळी सात ते आठ या वेळेत उपस्थित होते आणि त्या तासात एकही पिल्लू बाहेर आले नाही. “आदल्या दिवशी म्हणे वीस निघाली,” ते म्हणाले, “आणि आम्ही गेलो तर एक नाही. आधी कळवायची काहीतरी व्यवस्था नको का?” अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी ‘कासव : अनुपस्थित’ असे लिहिले होते. माझ्या वर्गात तीन मुले आहेत ज्यांच्यापुढे मी वर्षभर हेच लिहिते, पण त्यांच्याकडून अंड्यातून फुटून येण्याची अपेक्षा नसते.

हे सारे हसण्यावारी नेता येईल, आणि माहेरी फोनवर सांगताना मी ते तसेच नेलेही. परंतु खरे सांगायचे तर त्या झोपाळ्यावर दुसऱ्या दिवसापासून मला नीट पडता येईना. ते गाडीकडे जाताना विचारायचे, “आज पण नाही?” परत येताना विचारायचे, “अजून तिथेच?” आणि प्रश्न नेहमी मलाच. नवरा माझ्याच शेजारी, माझ्याहून अधिक आडवा आणि चक्क घोरत पडलेला असताना त्याला कोणी काही विचारत नव्हते. पुरुष आडवा झाला की तो दमलेला असतो. बाई आडवी झाली की तिला बरे नसते, नाहीतर तिला काम नसते. आमच्या घरीही सासूबाईंपासून कचरा न्यायला येणाऱ्या मावशींपर्यंत सर्वांचे याबाबतीत एकमत आहे. मी टेकले की कोणाला तरी जिरे कुठे आहे ते विचारायचे असते. चार रात्रींचे भाडे आगाऊ भरून, खाली समुद्र आणि वर माड अशी जागा मी शोधून काढली, ती केवळ जिरे कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही अशा लोकांपासून लांब असावी म्हणून; आणि तिथेही एक पुठ्ठा माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

सप्तमीच्या रात्री तो प्रकार घडला. जेवताना साहेबांनी आमच्या ‘पुढील नियोजना’ची चौकशी केली आणि नवरा, ज्याने सकाळी अकरा वाजता आलो एवढे सांगायला दोन प्रश्न घेतले होते, तो एकाएकी उदार होऊन म्हणाला, “हिने सगळं लिहून ठेवलंय,” आणि माझी वही त्याने पुढे केली. साहेबांनी हात धुतले, पुसले, चष्मा बदलला आणि वही दोनदा वाचली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीपुढे त्यांनी ‘वेळ तपासावी’ असे लिहिले. वेळणेश्वर मी घाईत चुकीचे लिहिले होते तेही त्यांनी सुधारले. मग ते केळशीच्या दुसऱ्या दिवसापाशी येऊन थबकले. चष्म्याचे घर उपडे धरून त्याच्या कडेने त्यांनी ‘काही नाही’वर रेघ ओढली आणि वर बारीक, सुबक अक्षरात लिहिले : महालक्ष्मी मंदिर, याकूबबाबांचा दर्गा, वाळूची टेकडी. कंसात : अर्धा दिवस पुरे. उरलेला अर्धा दिवस त्यांनी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला दिला.

आणि मग वही मिटून त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. “घ्या साहेब, दुरुस्त्या केल्यात,” ते म्हणाले. “वहिनींचं अक्षर छान आहे हो.”

नवरा म्हणाला, “धन्यवाद.”

त्या ‘धन्यवाद’वर आमचे खोलीत पाऊण तास बोलणे झाले. त्याचे म्हणणे असे की बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने केले. माझेही कधी चांगले मन नसते असे नाही. पण एखाद्या मुलाची वही तपासून मी ती त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे दिलेली मला आठवत नाही.

आता मी जे केले ते सांगते. घराच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी, भरती कधी येणार असे मी विचारले तेव्हा, घड्याळाकडे न बघता उत्तर दिले होते. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची मोठी भरती, आणि अष्टमीला भांगाची, म्हणजे पाणी जेमतेम चढते. इतका देखणा गुणाकार मला २६ वर्षांत कोणी पाठ्यपुस्तकात छापून दिला नाही, म्हणून मी तो लगेच पाठ करून टाकला होता.

अष्टमीच्या सकाळी साहेबांनी घावन खाता खाता दिवसाचा कार्यक्रम जाहीर केला. दहाला निघणे, वेळणेश्वर, आणि बरोबर बाराला हेदवीची बामणघळ. ही घळ म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या कातळातली एक लांब, अरुंद फट. भरतीची लाट तिच्यात शिरते, आत कोंडली जाते आणि तोफ डागल्यासारखा आवाज करून उंच उसळते. ते पाणी पाहण्यासाठीच लोक तिथे जातात. आठाची पाऊणपट सहा. सहा अधिक सहा बारा. म्हणजे साहेब ऐन ओहोटीला, तेही भांगाच्या, त्या फटीपुढे जाऊन उभे राहणार होते. मी घावनाचा तुकडा रसात बुडवला आणि काहीही बोलले नाही. काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्याही बोलल्या नाहीत.

ऐन वेळी साहेबांच्या पत्नीचा गुडघा दुखू लागला, म्हणून त्या मागे राहिल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या गुडघा चोळत होत्या. मग त्या पडवीत आल्या आणि म्हणाल्या, “इथे जागा आहे का?” मी सरकले. साडेतीन तास आम्ही दोघी झोपाळ्यावर बसून होतो आणि एवढ्या वेळात एकदाच बोललो. पाय कोणी मारायचा, याबद्दल.

दोनच्या सुमाराला साहेब परतले. घामाने डबडबलेले, बुटांना मीठ, पण चेहरा प्रसन्न. मी शक्य तितक्या निरागसपणे विचारले, “पाणी उडालं का हो?”

“पाणी? नाही, पाणी नव्हतं,” ते म्हणाले आणि पुठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी बामणघळीपुढे हिरवी खूण केली. पाहिले. दिनांक. १२ ते १२.१०. अभिप्रायाच्या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबले आणि मग त्यांनी लिहिले : ‘फट’.

मग ते नवऱ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही उद्या जाच. अगदी याच वेळेला जा. एवढी प्रसिद्ध जागा, पण दुपारी बाराला चिटपाखरू नसतं.”

“नक्की,” नवरा म्हणाला.

मी मनातल्या मनात नवमीचा गुणाकार केला. पावणेसात.