'कामाने कोणी मरत नाही' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'जपानकडून शिका' हा मेसेज पुन्हा फिरतोय. या वेळी एका काकांनी तो माझ्या भाच्याचं नाव घेऊन टाकला. पोरगा पुण्यात पहिल्याच नोकरीत आहे, रात्री दहाच्या आत घरी येत नाही, आणि रविवार तरी मोकळा मिळावा एवढंच म्हणाला होता. मेसेज सांगतो: जपानी कामगार संपातही काळी फीत लावून दुप्पट उत्पादन काढतात; तिथले तरुण रजा मागत नाहीत; आठवड्याला ७० तास राबून तो देश उभा राहिला; आणि कामाने कोणी मरत नाही, आजची पोरंच नाजूक.

आधी हे शेवटचंच घेते, कारण ते नुसतं खोटं नाही, घातक आहे.

१९९१ साली डेंत्सू या टोकियोतल्या बड्या जाहिरात कंपनीत २४ वर्षांच्या एका तरुणाने आत्महत्या केली. नोकरीला लागून दीड वर्षही झालं नव्हतं. कित्येक रात्री ऑफिसातच उजाडायचं. आईवडील कोर्टात गेले. टोकियो उच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, पण भरपाई ३० टक्के कापली. कारण? मुलगा फार जबाबदारीने, जीव ओतून काम करणारा होता, आणि एकाच घरात राहून आईवडिलांनी लक्ष घातलं नाही. २४ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात चुकीची ठरवली. माणसामाणसाच्या स्वभावात फरक असणारच, तो मयताच्या माथी मारता येत नाही. थकवा साचून कर्मचाऱ्याचं शरीर-मन खचू नये हे पाहणं मालकाचं कर्तव्य आहे, असा तो निकाल. काका, 'पोरंच नाजूक' हा युक्तिवाद जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच निकालात काढलाय.

तरी २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्याच कंपनीत पुन्हा तेच घडलं. या वेळी २४ वर्षांची मुलगी, नोकरीचं पहिलंच वर्ष. महिन्याची मर्यादा ७० जादा तासांची, म्हणून कागदावर ऑक्टोबरचे ६९.९ आणि नोव्हेंबरचे ६९.५ तास. सरकारी कामगार कार्यालयाने तपासलं तेव्हा एका महिन्यात सुमारे १०५ निघाले. २०१७ मध्ये कंपनीला दंड झाला ५ लाख येन. एका तरुण जिवामागे एवढाच! अशा मृत्यूंना तिथे 'कारोशी' म्हणतात आणि ते रोखायला २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता ७० तास. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी जपान-जर्मनीचा दाखला देऊन हा आकडा सांगितला आणि तेव्हापासून तो सगळ्यांच्या तोंडी आहे. युद्धानंतर जपानी माणूस खूप राबला, हे मान्य. पण १९६० च्या सुमाराला तास सर्वाधिक होते तेव्हाही सरासरी वर्षाला २,४०० च्या थोडी वर. भागून पाहा, आठवड्याला ४७ तास. शिवाय ४० तासांच्या आठवड्यावर ३० जादा म्हणजे महिन्याला १२०. २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यात कामाची कितीही घाई असली तरी जादा तास महिन्याला १०० च्या आतच लागतात. म्हणजे ज्या देशाचं उदाहरण देताय, तिथे साध्या नोकरदाराला महिनाभर असं राबवणं बेकायदा आहे.

रजेचं म्हणाल तर त्याच सुधारणेत वर्षाला किमान ५ दिवस पगारी रजा कर्मचाऱ्याला द्यायलाच हवी, अशी सक्ती मालकांवर आली. लोक खुशीने रजा टाळत असते तर सक्ती कशाला लागली असती?

संपाच्या गोष्टीत अर्धं खरं आहे. निषेधाची फीत लावून काम चालू ठेवायची पद्धत तिथे आहे. दुप्पट उत्पादनाची मात्र थाप. १९६० मध्ये मीइके कोळसा खाणीत कामगार कित्येक महिने संपावर होते, आणि ३१ ऑगस्ट २०२३ ला टोकियोतल्या इकेबुकुरोचं सेइबू दुकान संपामुळे दिवसभर बंद राहिलं.

भाच्याला मी एवढंच सांगितलंय की ऑफिसात जायची-यायची वेळ रोज स्वतः लिहून ठेव. त्या मुलीचे खरे तास इमारतीत येण्याजाण्याच्या नोंदींवरून उघड झाले, कंपनीच्या तक्त्यावरून नव्हे. आणि काका, तो मेसेज ग्रुपवरून काढा.