साल्वादोरचा 'चवळीचा वडा' शाकाहारी नाही

ब्राझीलला जाणाऱ्यांसाठी सध्या एक संदेश फिरतोय: साल्वादोरमध्ये रस्त्यावर मिळणारा आकाराजे म्हणजे आपला चवळीचा वडाच, शाकाहारी मंडळींनी बिनधास्त खावा. यातलं अर्धंच खरं आहे.

पीठ खरोखर चवळीचंच असतं. डाळ भिजवून, सालं काढून वाटतात, कांदा-मीठ घालून फेटतात आणि लालभडक पामतेलात तळतात. पण पुढचं नीट बघा. पांढऱ्या झालरीच्या घागऱ्यातली बाई तो वडा सुरीने मधोमध चिरते, त्यात वातापा नावाचं दाटसर सारण भरते, वरून सुकी कोळंबी ठेवते. वरची कोळंबी नको म्हटलं तरी भागत नाही, कारण वातापात ब्रेड, शेंगदाणे, काजू, नारळाच्या दुधासोबत सुकी कोळंबी वाटलेली असते. सोबत मिळणाऱ्या कारुरू या भेंडीच्या भाजीतही तीच. म्हणून नुसता वडा आणि टोमॅटोची कोशिंबीर मागा. त्याच तेलात कोळंबीही तळतात का, तेही विचारून घ्या. 'गरम हवा का?' असं तिने विचारलं तर ती तिखटाबद्दल विचारतेय, हेही लक्षात असू द्या.

आणि कृपा करून याला 'ब्राझिलियन वडा' म्हणून सोडून देऊ नका. गुलाम करून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांनी तो ब्राझीलमध्ये आणला. योरुबा भाषेत तो आकारा. त्याच लोकांच्या परंपरेतून आलेल्या कांदोम्ब्ले धर्मात तो इआन्सां देवीचा नैवेद्य आहे.

त्याच संदेशात रिओला ब्राझीलची पहिली राजधानी म्हटलंय. तेही चूक. 1549 ते 1763 राजधानी साल्वादोरच होती. तिथल्या रंगीत पेलोरिन्यो चौकाचं नावसुद्धा गुलामांना फटके मारायच्या खांबावरून पडलंय.