पपई सोडली म्हणून कॅन्सर थांबत नाही

कापसाच्या भावासोबत गावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एन्झाइम वाढले की पोटाचा कॅन्सर अंगभर पसरतो. पपई, पाचक गोळ्या बंद करा, सोडापाणी प्या. दुर्बिणीची तपासणी टाळा, तुकडा काढला की कॅन्सर पसरतोच.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीचं लोकांच्या गळी उतरतं.

खरं किती, ते आधी सांगतो. जठराच्या अस्तराखाली कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचा पातळ पडदा असतो. तो भेदल्याशिवाय कॅन्सरला पुढे सरकता येत नाही. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइमं नेमकं हे कोलॅजेन तोडतात, आणि गाठीत ती प्रमाणाबाहेर बनतात. कॅन्सरच्या पेशी ती स्वतः बनवतात, शेजारच्या चांगल्या पेशींकडूनही बनवून घेतात. रोह्यांनी कुंपण पाडलं की सारं वावर मोकळं, तसं मग लसिकाग्रंथी, यकृत, पोटाचं आवरण.

पण यात पपई कुठून आली, बाप्पा? ही एन्झाइमं गाठीत तयार होतात, ताटातून येत नाहीत. अन्न पचवणारं पेप्सिन वेगळं, पपईतलं पपेन त्याहून वेगळं. आणि सोडा? तो जठरातलं आम्ल मारतो. एमएमपीचं काम चालतं जठराच्या भिंतीत, तिथं आम्ल नसतंच. सोड्यानं जळजळ तेवढी दबते अन् दवाखाना लांबतो.

एन्झाइम दाबून कॅन्सर रोखायचं शास्त्रज्ञांनीही करून पाहिलंय. १९९०च्या दशकात मारिमास्टॅट हे औषध पोटाच्या कॅन्सरवर तपासलं गेलं. रोग्यांचे सांधे दुखले, फायदा अपेक्षेइतका दिसला नाही, औषध बाजारात आलंच नाही. जे प्रयोगशाळेतल्या औषधाला जमलं नाही ते सोडापाण्याला जमणार?

तुकड्याचं म्हणाल तर दुर्बिणीतून काही मिलिमीटरचे तुकडे घेतात. त्यानं कॅन्सर पसरत नाही, आणि त्याशिवाय जखम साधी की कॅन्सरची हे ठरत नाही. त्याच तुकड्यावर हर-२ तपासतात. हे पेशीवरचं प्रथिन, आतल्या टोकाला एन्झाइमचंच काम करणारं. साधारण १५ ते २० टक्के रोग्यांत ते जास्त असतं, आणि अशा पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-२ला रोखणारं औषध दिलं तर आयुष्य वाढतं, हे २०१०च्या चाचणीत दिसलं. तुकडाच नाही दिला तर हे औषध लागू पडेल की नाही, डॉक्टरांना कळणार कसं?

दोन घासांत पोट भरतंय, वजन उतरतंय, लोहाची गोळी चालू नसताना संडास काळी होतेय, तर सेवाग्रामचा नाहीतर नागपूरचा मोठा दवाखाना गाठा. रेशनकार्ड अन् आधार सोबत न्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत.