श्वास जपून घ्यावा

रविवारपासून मी बेडरूममध्ये श्वास जपून घेते आहे. आमच्या भिंतीवरची बुरशी माझ्या श्वासामुळे आली, असा निकाल वरच्या मजल्यावरच्या काकांनी दिला आहे.

घर डोंबिवलीत, महिना जुलैचा, भिंत त्यांच्या मोरीखालची. पोपडे, काळे ठिपके, कपाट उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास. नवऱ्याचा चामडी पट्टा हिरवा झालाय, माझ्या लग्नातल्या शालूवर पांढरी लव आलीय. लेकीला उठल्या उठल्या शिंका लागतात. दहा झाल्या की मी कुकर लावते.

शेवटी काकांनाच खाली बोलावलं. गंजीफ्रॉक, लुंगी आणि भरदुपारी हातात टॉर्च. त्यांनी भिंतीला नाक लावलं, बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या पडद्याला पुसलं.

"बाळ, रात्री इथे झोपता किती जणं?"

मी ४७ वर्षांची आहे. "तिघं."

"खिडकी?"

"बंद. पाऊस आत येतो ना."

"मग झालं तर! श्वासात वाफ असते. तिघांची वाफ, रात्रभर. जाणार कुठे बिचारी? भिंतीत."

"तुम्ही वर किती जण आहात, काका?"

"पाच. पण आम्ही प्राणायाम करतो."

यावर बोलायला काही सुचलं असतं तर हा लेख लिहिलाच नसता. शिवाय माणूस अगदीच खोटं बोलत नाही, ही खरी जळजळ. श्वासात वाफ असतेच. त्यात पावसाळ्यात आपण कपडेही घरातच वाळत घालतो. हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला आयतं रान मिळतं. मी आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. ते पहिल्याच दिवशी ८४ वर जाऊन बसलं, अजून उठलेलं नाही. पण आमची वाफ चार भिंती सोडून नेमकी तुमच्या जाळीखालीच का जाते हो? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दमा आहे, खोकला आहे, प्राणायाम काही मला सापडला नाही.

सेक्रेटरींकडे अर्ज दिला. त्यांनी उपविधी काढून दाखवले. पावसाचं पाणी झिरपलं तर खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-मोरीचं झिरपलं तर संबंधित सदनिकाधारकांचा. आता संबंधित कोण? काका म्हणतात, ज्याची भिंत ओली तो. सेक्रेटरी म्हणतात, आपसात मिटवा. मराठीत 'संबंधित' हा शब्द बहुधा कुणाचाच संबंध नाही हे सांगण्यासाठी निघाला असावा.

सोमवारी मी नीळ घेऊन वर गेले. बादलीभर निळं पाणी त्यांच्या मोरीत ओतलं. काकूंनी बिचारीनं चहा दिला. बुधवारी सकाळी आमच्या भिंतीवर निळा ओघळ! इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. काकांना बोलावलं. टॉर्च आली. बराच वेळ निरखून ते म्हणाले,

"रंग आमचा आहे, नाही म्हणत नाही. पण ओल तुमचीच. मुळात भिंत ओली नसती, तर आमचा रंग इतका पसरला असता का, बाळ?"

रंगारी म्हणतो, ओल्यावर रंग धरत नाही, दसऱ्यानंतर बघू. डॉक्टर म्हणतात, मुलीला त्या खोलीत झोपवू नका. वन बीएचके आहे हो आमचं. दोन दिवस ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय खुपसून झोपते आहे, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणी साधा अंगठासुद्धा टाकलेला नाही.

आज सकाळी तेरा शिंका झाल्या, कुकर उशिरा लागला. वर काकांचं कपालभाती चालू होतं. मी त्यांचे उच्छ्वास मोजायला घेतले. शंभरापर्यंत मोजले, मग दूध उतू गेलं.