‘बाळंतपणानंतर पळू नये’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. मथळा असा: ‘आई झालेल्या बाईने पळू नये, प्रत्येक सुनेपर्यंत पोहोचवा.’ त्यात सहा मुद्दे आहेत. पळण्याने गर्भाशय खाली सरकतं. अंगावरचं दूध आंबतं आणि आटतं. सिझेरियनचे टाके आतून उसवतात. गुडघे चाळिशीतच जातात. गटाने पळणाऱ्या बायका ईर्ष्येपायी स्वतःची वाट लावून घेतात. आणि शेवटी, पळायचंच असेल तर पोटाला पट्टा घट्ट आवळा आणि दर किलोमीटरला अर्धा लिटर पाणी प्या. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय, पण कोणत्या डॉक्टरांचा, हे कुठेच नाही. हाच मेसेज आमच्या सकाळी पळणाऱ्या बायकांच्या गटातल्या एका आईच्या सासूबाईंपर्यंत गेला. बाळ आठ महिन्यांचं, पहिली दहा किलोमीटरची शर्यत तोंडावर, आणि तिचं येणं बंद झालं. म्हणून हे उत्तर, आणि ते रागानेच लिहितेय.

सुरुवात गर्भाशयापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच मुद्दा करतो. ही भीती नवी नाही आणि फक्त आपल्याकडचीही नाही. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळल्या. शेवटी दमून काही जणी खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी त्याचा एवढा गहजब केला की ही शर्यत १९६० पर्यंत बायकांसाठी बंदच राहिली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. मधल्या काळात लांब पळणाऱ्या बाईला ‘मूल होणार नाही’, ‘गर्भाशय निसटेल’ हेच ऐकवलं जायचं.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तो झोळीसारखा पेलतो. बाळंतपणात हा थर ताणला जातो, कधी फाटतो. ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात ते या आधाराच्या कमजोरीमुळे होतं. त्याची नेहमीची कारणं माहीत आहेत: योनीमार्गे झालेली बाळंतपणं, त्यातही चिमटा लावून झालेली, जास्त मुलं, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, जुनाट खोकला, रोजची जड ओझी, आणि पाळी गेल्यानंतर स्नायूंना येणारी शिथिलता. ज्या घरात हा मेसेज वाचून पळणं बंद होतं, त्याच घरात बाळंतिणीने पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या उचलल्या तर कुणाला काही वाटत नाही. संडासला जोर करावा लागतो का, हेही तिला कुणी विचारत नाही. मेसेजमध्येही त्याबद्दल अवाक्षर नाही.

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. हा थर सावरायच्या आत पळायला लागलं तर त्रास होतो. लघवी निसटते, खाली जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. पण यावरून निघणारा प्रश्न ‘केव्हा आणि कसं पळायचं’ हा आहे. त्याचं नीट लिहिलेलं उत्तर २०१९ पासून उपलब्ध आहे. टॉम गूम, ग्रॉन्या डॉनेली आणि एमा ब्रॉकवेल या ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर पळण्याकडे परतण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्या म्हणतात की पहिले तीन महिने पळू नका. चाला, ताकदीचे हलके व्यायाम करा. पळणं लवकरात लवकर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान, आणि तेही खालची चाचणी जमली तरच:

तीस मिनिटं सलग चालणं. एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळणं. एका पायावर दहा बैठका, दोन्ही बाजूंनी. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग. पुढे झेप घेत दहा उड्या. एका पायावर जागच्या जागी दहा लंगडी उड्या, प्रत्येक पायावर. आणि एका पायावर उभं राहून दुसरा पाय व हात पळताना हलतात तसे दहा वेळा पुढे-मागे नेणं.

हे करताना दुखलं, खाली ओढ जाणवली किंवा एक थेंब जरी लघवी निसटली, तर त्या दिवशी पळण्याला सुरुवात नाही. ताकदही मोजायची: एका पायावर टाच वीस वेळा उचलणं, पाठीवर झोपून एका पायाने कंबर वीस वेळा उचलणं, खुर्चीवरून एका पायावर वीस वेळा उठणं, कुशीवर झोपून वरचा पाय वीस वेळा उचलणं. गटात येणाऱ्या प्रत्येक आईची ही तपासणी पहिल्या दिवशी मैदानावरच होते आणि अर्ध्या तासात संपते. तिला कसलंही यंत्र लागत नाही.

चाचणी जमली नाही तर काय करायचं? तळाच्या स्नायूंचा व्यायाम. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरतो तसं आत आणि वर ओढायचं, दहा सेकंदांपर्यंत धरायचं, मग पूर्ण सोडायचं. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही हेच प्रमाण दिलंय. यात तीन चुका हमखास होतात: श्वास रोखणं, नितंब आवळणं, आणि वर ओढण्याऐवजी खाली जोर लावणं. तिसऱ्या चुकीने उलट नुकसान होतं, म्हणून शंका असेल तर महिला आरोग्याचं काम करणाऱ्या फिजिओकडून एकदा तपासून घ्यावं. चालू लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नये. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने जमलं की पळणं.

या मेसेजने खरा घात होतो तो इथे. ‘पळालीस म्हणून झालं’ हे ऐकावं लागेल या धास्तीने बायका लघवी निसटते हे कुणालाच सांगत नाहीत. पॅड लावून पळतात, पाणी पिणं कमी करतात, नाहीतर निमूटपणे पळणं सोडतात. बाळंतपणानंतर असं होणं अनेकींच्या वाट्याला येतं, आणि व्यायामाने ते पुष्कळ सुधारतं. उतारावर पाऊल जोरात आपटतं, त्यामुळे त्रास बहुतेक वेळा तिथे आधी कळतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारख्या शर्यतीची तयारी करणारीने यवतेश्वरच्या चढाइतकीच उताराचीही तालीम करायला हवी: छोटी पावलं, उतारावर ब्रेक न लावणं, आणि सुरुवातीला उतार चालत.

घट्ट पट्ट्याच्या सल्ल्याचाही निकाल इथेच लावते. पोट बाहेरून करकचून आवळलं की आतला दाब खाली, त्याच कमजोर थरावर जातो. गर्भाशय सरकण्याची भीती घालायची आणि शेवटी तोच दाब वाढवायला सांगायचं, हे लिहिणाऱ्याला शरीराची माहिती नसल्याचा पुरावा आहे.

याच्या बरोबर उलटा मेसेजही फिरतो: ब्रिटनची मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफ जानेवारी २००७ मध्ये आई झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, मग तुम्ही का नाही? जिंकली, हे खरंच. पण घाईने सरावाला परतल्यामुळे मधल्या काळात तिच्या पाठीच्या कण्याच्या तळाशी हाडाला चीर पडली होती, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

सिझेरियनच्या टाक्यांबद्दल थोडक्यात. तीन-चार महिन्यांनी पद्धतशीर सुरुवात केली तर टाके ‘उसवत’ नाहीत. तरीही इथे मेसेजला थोडं मानावं लागतं. वरची जखम भरलेली दिसली तरी आतलं आवरण सावकाश भरतं: सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या साधारण निम्मं, सहा-सात महिन्यांनी ७३ ते ९३ टक्के. म्हणजे सव्वा महिना झाला, आता मोकळी, हा हिशोब पळण्याला लागू नाही. व्रण पूर्ण भरला की बोटाने हलकेच चोळून मोकळा ठेवावा. तो ओढला जात असेल किंवा पोटाच्या मधोमध उंचवटा वर येत असेल, तर आधी फिजिओ.

गुडघ्यांचा मुद्दा जुनाच आहे आणि आकड्यांपुढे टिकत नाही. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळली. गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा कमजोर मांड्या-नितंबांमुळे, एकदम वाढवलेल्या अंतरामुळे आणि चुकीच्या बुटांमुळे. गरोदरपणात पावलाची कमान बसते, पाऊल लांबतं आणि पुष्कळदा तसंच राहतं. लग्नाआधीचे बूट कपाटातून काढून पळायला लागणारीने आधी पाऊल पुन्हा मोजून घ्यावं.

आता दूध. जीव तोडून, पूर्ण दम लागेपर्यंत व्यायाम केल्यावर दुधात लॅक्टिक अ‍ॅसिड काही काळ वाढतं, एवढ्याच धाग्यावर ‘दूध आंबतं’ ही अफवा उभी आहे. बोलता येईल अशा वेगाने पळताना हा प्रश्नच नाही. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगात अंगावर पाजणाऱ्या आयांना आठवड्यातून पाच दिवस, रोज ४५ मिनिटं, बारा आठवडे व्यायाम दिला होता. दुधाचं प्रमाण, त्यातले घटक आणि बाळाचं वजन, कशातच व्यायाम न करणाऱ्या आयांपेक्षा फरक पडला नाही. बाळ कधी तोंड फिरवतं ते घामाच्या खारट चवीमुळे. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि पाजा.

दुधासाठी खरी काळजी घ्यायची ती पोटभर खाण्याची. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जादा लागतात. साठ किलोची बाई पाच किलोमीटर पळली की आणखी सुमारे ३०० जातात. वजन उतरवायचं म्हणून दोन पोळ्यांची एक केली तर दूधही कमी होऊ शकतं आणि पायही दुखावू शकतात. निघण्याआधी पाजून घ्या, म्हणजे छाती हलकी राहते. एक केळं किंवा दोन खजूर खा. परतल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे, अंडी किंवा अळिवाचा लाडू. घट्ट स्पोर्ट्‌स ब्रा तासन्‌तास अंगावर ठेवू नका, गाठी होतात. आणि हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या आहेत. धाप लागते, पाय उचलत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा तिथे असतं.

गटाबद्दलचा मुद्दा वाचून सगळ्यात जास्त संताप आला. ईर्ष्येने चालवलेले गट असतात, नाही म्हणत नाही: सगळ्यात वेगवान बाई पुढे, बाकीच्या फरफटत मागे. पण बाळंतपणानंतर एकटीने, मोबाइलमधला कुठलातरी प्लॅन बघून पळण्यात धोका जास्त आहे, कारण थांब म्हणणारं कुणी नसतं. नीट चालणाऱ्या गटात तुकड्या बाळंतपण होऊन किती महिने झाले आणि चाचणीत काय जमलं यावरून पडतात. पहिली तुकडी एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. लघवी निसटली नाही, दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही, तरच पुढच्या आठवड्यात पळण्याचं मिनिट वाढतं. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. वेगाचं माप घड्याळ नाही, बोलणं: शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

फेरी आठशे मीटर ते एक किलोमीटरची छोटी ठेवायची, मध्यभागी सतरंजी, तिथे मुलं आणि पाळीपाळीने दोघी आया. बाळ रडलं तर आई पाच-सात मिनिटांत पोहोचते. रात्रभर जागरण झालेली आई त्या दिवशी वेगाचा सराव करत नाही. ती चालते किंवा सतरंजीवर बसते, आणि ते तिला ग्रुपवर आधी सांगता येतं. सगळ्यांच्या मागे एक अनुभवी बाई ठरवून राहते, शेवटची आई एकटी पडू नये म्हणून. शर्यतीचंही असंच. मोठ्या शहरांत हाफ मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणजे घरातून तीनला निघणं आलं. निघताना पाजायचं, हातपंप आणि कोरडी ब्रा शेवटच्या रेषेजवळ थांबणाऱ्या मैत्रिणीकडे द्यायची. ही सगळी कामं एकटीला जमत नाहीत, म्हणून गट लागतो. याला ईर्ष्या म्हणणाऱ्याने एक सकाळ येऊन बघावं.

राहिलं पाणी. दर किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे दहा किलोमीटरला पाच लिटर, तेही साधारण सव्वा तासात. मूत्रपिंडं तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकतात. उरलेल्या पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, आणि याने शर्यतींत माणसं दगावली आहेत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढलेल्यांना आणि सावकाश पळणाऱ्यांना धोका जास्त होता, आणि पहिल्यांदा शर्यत पळणाऱ्या आया बहुतेक सावकाशच पळतात. तहान लागेल तसं, वीस-तीस मिनिटांनी अर्धा-पाऊण पेला पुरे. लांब सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा. नंतरचं जास्त भरलं तर पाणी जास्त झालंय. ओआरएस घ्यायचं तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, एका मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी. शर्यतीत एखादीला डोकं दुखून उलटी झाली, बोटातली अंगठी घट्ट झाली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तिच्या तोंडाला बाटली लावू नका. तिला धरून सरळ वैद्यकीय तंबूत न्या आणि ती किती पाणी प्यायली ते तिथल्या डॉक्टरांना सांगा.